भुकेची सीमारेषा आखणारा संख्याशास्त्रज्ञ

पिंपरीतील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने किंवा स्वयंसेवी संस्थेने अपंग मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करायचे ठरवले, तर अनुदानाच्या अर्जातील सर्वांत अवघड रकाना कोणता? बहुतेकांना वाटते, खर्चाचा. प्रत्यक्षात तो असतो कुटुंबांच्या संख्येचा. किती कुटुंबे निवडणार, ती कशी निवडणार आणि तेवढीच का, हे तिथे सांगावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्जातही नमुन्याच्या आकाराचे समर्थन द्यावे लागते. हा रकाना पुष्कळदा अखेरच्या आठवड्यात भरला जातो. शंभर किंवा दोनशे असा डोळ्यांना बरा दिसणारा आकडा आधी घातला जातो आणि मग त्याला शास्त्राचा आधार मिळावा म्हणून एखाद्या जैवसंख्याशास्त्रज्ञाची शोधाशोध सुरू होते. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदन करून घेणे होय, प्रयोग कशाने दगावला एवढेच तो सांगू शकेल, अशा आशयाचा इशारा रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत दिला होता. त्याला आठ दशके उलटून गेली, तरी आपली सवय फारशी बदललेली नाही.

मोजण्याआधी विचार करण्याची ही शिस्त ज्यांनी आयुष्यभर पाळली, तिच्यासाठी भल्याभल्यांशी वाद घातले आणि त्याच शिस्तीच्या कसोटीवर पुढे स्वतःही टीकेचे धनी झाले, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच परिसरातले. निवृत्तीनंतरचा मोठा काळ त्यांनी पुण्यात काढला. जगात किती माणसे उपाशी आहेत, या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत त्यांनी घालून दिली. असे असूनही त्यांचे नाव संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातले हे गाव पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातले. पीक आले तर आले, नाही तर घरातले धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब मांडायचा, हे तिथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी संख्याशास्त्राच्या जगाचा केंद्रबिंदू तेच महाविद्यालय होते. कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर त्यांच्या विभागाची वाटणी होऊन एका भागात एगॉन पिअर्सन, तर दुसऱ्यात फिशर असे दोन सवतेसुभे निर्माण झाले होते. जर्झी नेमनही १९३४ मध्ये तिथे येऊन पोहोचले. फिशर आणि नेमन यांच्यातून विस्तवही जात नसे. सुखात्मे यांनी मात्र दोन्ही घरचे घेतले. फिशर यांच्या एका वादग्रस्त कसोटीसाठी लागणारी कोष्टके त्यांनी आकडेमोड करून तयार केली आणि नेमन यांच्या नमुना पाहणीच्या सिद्धांतात १९३५ मध्ये मोलाची भर घातली.

ही भर संशोधन-प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. नेमन यांनी सांगितले होते की, पाहणीसाठी समाजाचे गट पाडावेत आणि ज्या गटात माणसामाणसांत तफावत जास्त, त्या गटातून जास्त माणसे निवडावीत. सल्ला उत्तम, पण त्यात एक गोम होती. कोणत्या गटात किती तफावत आहे, हे पाहणीच्या आधी कळायचे कसे? सुखात्मे यांनी हिशेब करून दाखवले की, आधी एक लहानशी पूर्वपाहणी करून तफावतीचा अंदाज घेतला, तरी बहुतेक वेळा नेमन यांच्या वाटपाचा फायदा पदरात पडतो. पूर्वपाहणी ही मुख्य कामापूर्वीची रंगीत तालीम नसते. मुख्य पाहणीचा आकार तिच्यावरून ठरतो. आज अनुदान देणाऱ्या संस्था पूर्वपाहणीची माहिती का मागतात, याचे एक उत्तर त्या निबंधात आहे. १९३६ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

१९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा देशात पिकाचा अंदाज आणेवारीने काढला जात असे. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे. गावकामगाराने बांधावरून नजर टाकायची आणि यंदाचे पीक आठ आणे की दहा आणे ते सांगायचे. त्या आकड्याला ठरीव उत्पन्नाने आणि पेरणीच्या क्षेत्राने गुणले की जिल्ह्याचे धान्य तयार! शेतसाऱ्याची सूट याच आकड्यावर अवलंबून असल्याने तो किती निर्मळ राहत असेल, हे सांगायला नको. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने या अंदाजांतील पोकळपणा उघडा पाडला. प्रांतात धान्य नक्की किती आहे हेच सरकारला ठाऊक नव्हते.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी यावर जो उपाय रुजवला, तो आज पीक कापणी प्रयोग म्हणून प्रत्येक तलाठ्याला आणि कृषी सहायकाला माहीत आहे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गाव निवडायचे, गावातले शेत निवडायचे, शेतातली जागाही तशीच निवडायची, तिथे ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. यात कोणाच्या नजरेवर काही सोडलेले नाही. पानसे-सुखात्मे यांचे शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्रावरील पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी विद्यापीठांतील कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. त्याच वर्षी नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील सुखात्मे यांचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याआधी १९४७ मध्ये कृषी संख्याशास्त्राची भारतीय संस्था स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. संस्थेच्या उभारणीत सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.

कापायचा तुकडा किती मोठा असावा, यावरून मात्र मोठा वाद पेटला. समोर होते प्रशांतचंद्र महालनोबिस. लहान तुकडे घ्यावेत, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणी पोहोचता येईल, हा त्यांचा विचार कागदावर बिनतोड होता. सुखात्मे यांनी शेतात जाऊन तपासले आणि १९४६-४७ मध्ये निष्कर्ष मांडला की, लहान तुकड्यांतून उत्पन्न नेहमी फुगून येते. कारण साधे होते. तुकड्याच्या काठावरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा संभ्रम पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. त्यात लबाडी नसते, तो हाताचा स्वभाव असतो. मोठ्या तुकड्यात अशी काठावरची रोपे एकूण रोपांच्या मानाने थोडी. लहान तुकड्यात मात्र जवळपास सगळा काठच. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे एक फूट काठ येतो. महाराष्ट्रात अनेक पिकांसाठी आखला जाणारा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकडा घेतला, तर हे प्रमाण त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते. शिवाय ही चूक तुकड्यांची संख्या वाढवून दूर होत नाही. हजार ठिकाणी तीच चूक केली, तर चुकीचे उत्तर अधिक ठामपणे मिळते, एवढेच.

महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्राचे पितामह. त्यांच्याशी जाहीर मतभेद घेणे सोपे नव्हते आणि या वादाला व्यक्तिगत कडवटपणाची किनारही होती. तरीही पीक अंदाजासाठी पुढे देशभर मोठ्या तुकड्यांचीच पद्धत रूढ झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही भरपाई ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला गेला. शेतकऱ्याच्या हाती किती रुपये पडतील, याचा एक धागा काठावरच्या त्या रोपापाशी जाऊन पोहोचतो.

काठाचा हा प्रश्न पुढे सुखात्मे यांच्या आयुष्यात पुन्हा आला आणि या वेळी काठावर माणसे होती.

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि सुमारे दोन दशके तिच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांच्या काळापासून जगातील दोनतृतीयांश माणसे अर्धपोटी आहेत, हे विधान सर्वतोमुखी झाले होते. हेतू उदात्त होता, हिशेब मात्र कच्चा. देशात उपलब्ध असलेल्या अन्नाची दरडोई सरासरी काढायची, ती गरजेच्या सरासरीहून कमी भरली की सारा देश उपाशी धरायचा, असा तो प्रकार. सरासरीवरून देशातले कोण उपाशी आणि कोण तृप्त हे कळत नाही. सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी सांगून महाबळेश्वर आणि माण यांची कथा एकच आहे असे म्हणण्यासारखेच ते!

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्मे यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. कुटुंबांच्या आहार पाहण्यांतून अन्नाचे वाटप कसे पसरलेले आहे ते घ्यायचे. माणसांच्या गरजाही एकसारख्या नसतात, त्याही एका पट्ट्यात पसरलेल्या असतात. हे दोन्ही पसारे शेजारी ठेवून, ज्यांचा आहार त्या पट्ट्याच्या खालच्या कडेखाली जातो, त्यांनाच उपाशी म्हणायचे. या रीतीने त्यांना जगातील १० ते १५ टक्के माणसे पोटभर न खाणारी आढळली. आहाराच्या दर्जातील उणिवा धरल्या, तर भूक किंवा कुपोषण यांतील एकाची तरी झळ लागलेल्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत जात होते. जगाची लोकसंख्या तेव्हा सुमारे तीन अब्ज होती, म्हणजे ३० ते ४५ कोटी माणसे पोटभर जेवत नव्हती. आकडा घटला म्हणून काहींना तो भुकेची थट्टा वाटला, तर काहींना तोही फुगवलेला वाटला. सोसायटीने पुढे त्यांना गाय रौप्यपदक दिले.

या पद्धतीतली एक अडचण सुखात्मे यांना पुरती ठाऊक होती. आहाराची माहिती मिळते ती कुटुंबाची, भूक लागते ती माणसाला. चुलीवर काय शिजले, ते पाहणी करणाऱ्याला सांगता येते. त्यातले सुनेच्या ताटात किती पडले, ते सहसा कोणी सांगत नाही. अपंगत्व आणि कुटुंब यांवर काम करणाऱ्या संशोधकापुढे आज हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. मोजायचे कोणाला, मुलाला, आईला की साऱ्या घराला? शंभर घरांतील प्रत्येकी चार माणसांना प्रश्न विचारले, तर उत्तरे चारशे मिळतात, पण एका छपराखालची माणसे बरीचशी सारखी असतात. त्यांच्या उत्तरांतील साम्याचे मान ०.३ धरले, तर त्या चारशे उत्तरांचे वजन सुमारे २१० स्वतंत्र माणसांइतकेच भरते. हा हिशेब जैवसंख्याशास्त्रज्ञाला दोन मिनिटांचा. तो अर्ज लिहिण्यापूर्वी झाला, तर घरांची संख्या वाढवता येते. माहिती गोळा झाल्यावर झाला, तर फक्त हळहळता येते.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात तर आणखी एक गुंता आहे. भाड्याच्या खोल्यांत राहणारी कामगार कुटुंबे कारखान्यातले कंत्राट संपले की मुक्काम हलवतात. वर्षभराने दुसऱ्या भेटीला गेलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसते. शेवटी ३०० कुटुंबे हाती हवी असतील आणि पाचातले एक निसटेल असा अंदाज असेल, तर सुरुवात ३७५ कुटुंबांपासून करावी लागते. शिवाय निसटणारी कुटुंबे बहुधा सर्वांत ओढगस्तीची असतात. म्हणजे उरलेल्यांवरून काढलेले चित्र खरे असते त्याहून गोजिरे दिसणार. त्यांना शोधून काढण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर नंतर तो कोणी देत नाही.

पुन्हा सुखात्मे यांच्याकडे वळू. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात प्रथिनांच्या टंचाईची भीती पसरली होती. १९६८ मध्ये तर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर जागतिक कृतीचा आराखडाच निघाला. माशांची भुकटी, पेट्रोलियमवर वाढवलेले जंतू, असे नाना उपाय सुचवले जात होते. सुखात्मे यांनी भारतीय आहाराची आकडेवारी तपासून १९७० मध्ये वेगळेच सांगितले. आपला ज्वारी-डाळीचा आहार पोटभर मिळाला, तर प्रथिनांची गरज बहुतेक भागते. ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना मुळात जेवणच कमी पडते आणि पोट रिकामे असले की शरीर प्रथिनेच सरपणासारखी जाळते. तेव्हा उणीव आहे ती भाकरीची आणि ती विकत घेण्याच्या ऐपतीची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांचेही निष्कर्ष याच दिशेचे होते. काही वर्षांतच प्रथिन-संकटाचा बोलबाला ओसरला. आमच्या मते सुखात्मे यांचे सर्वांत निर्विवाद यश हेच. त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण टळलेल्या उधळपट्टीचा सत्कार कोणी करत नाही.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. रोमहून परतल्यावर त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे पुढे आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, नव्याने कामाला सुरुवात केली. साठीच्या माणसाने आठवणी लिहाव्यात, भाषणे करावीत, अशी आपल्याकडची रीत. सुखात्मे यांनी मात्र आयुष्यातला सर्वांत मोठा वाद याच वयात ओढवून घेतला.

त्याच १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दरडोई दररोज २२५० उष्मांक विकत घेण्याइतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी रेषा आखून त्यांनी १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. सुखात्मे यांनी या रेषेलाच आक्षेप घेतला. सरासरी गरजेलाच रेषा मानले, तर पूर्ण निरोगी समाजातीलही जवळपास निम्मी माणसे तिच्याखाली दिसतील, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पुढचा मुद्दा अधिक धाडसी. गरजा माणसागणिक बदलतात, तशाच त्या एकाच माणसात दिवसागणिकही बदलतात, असे त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेल्डन मार्गेन यांच्यासह १९७८ आणि १९८२ च्या निबंधांत मांडले. शरीर आज कमी मिळाले तर काटकसरीने चालते, उद्या जास्त मिळाले तर सढळपणे खर्च करते. हा चढउतार सरासरीच्या १५-१६ टक्के धरला, तर गरजेची खालची कड सरासरीच्या सुमारे ७० टक्क्यांवर येते. तिच्याखाली जो जातो तोच खरा उपाशी. साहजिकच उपाशी माणसांची संख्या एकदम घटली.

दांडेकर आणि सुखात्मे, दोघेही सातारा जिल्ह्याचे. त्यांच्या संस्था डेक्कन जिमखान्याच्या परिसरात एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्यांचा वाद १९८१-८२ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकाच्या पानांवर रंगला आणि जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी व आहारशास्त्रज्ञांनी त्यात उडी घेतली. दांडेकरही संख्याशास्त्रात मुरलेले. शरीर कमी अन्नावर निभावून नेते याचा अर्थ त्याची किंमत मोजावी लागत नाही असा होत नाही, हे त्यांच्या बाजूचे सांगणे होते. याच सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी खुजी पण निरोगी मुले ही कल्पना मांडली आणि वादाला वेगळाच रंग चढला. गरिबाच्या मुलाची उंची खुंटली तर त्याला जुळवून घेणे म्हणायचे आणि श्रीमंताच्या मुलाची खुंटली तर डॉक्टर गाठायचा, हा दुटप्पीपणा डॉ. गोपालन यांनी परखडपणे दाखवून दिला.

या वादात सुखात्मे यांची बाजू जिथे लंगडी पडली, ती जागा आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गणित पक्के होते. पण त्यांनी आधार घेतला होता तो ब्रिटिश लष्करातील थोड्या तरुणांच्या आणि अमेरिकेतील चांगल्या पोसलेल्या तरुणांच्या मोजमापांचा. ती मोजमापे दुसऱ्याच प्रश्नांसाठी घेतलेली होती. उसाच्या फडातील तोडणीवाली बाई, वीटभट्टीवरचा मजूर, अंगावर पाजणारी आई यांच्या शरीराचा दिवसागणिकचा हिशेब त्यात नव्हता. ज्या माणसाने पीक मोजताना काठावरच्या एका रोपाचाही विचार केला, त्याला माणसांच्या बाबतीत हाती आली ती माहिती घेऊन पुढे जावे लागले. हव्या त्या प्रश्नासाठी हवी ती पाहणी आधी आखली गेली नव्हती, आणि ही उणीव पुढे कितीही कुशल विश्लेषण केले तरी भरून निघाली नाही.

त्यातला टिकणारा भाग मात्र टिकला. एकाच दिवशी एकदाच घेतलेल्या मोजमापावरून माणसाला एखाद्या रकान्यात टाकू नये, हे त्यांचे सांगणे आज कोणी नाकारत नाही. अपंग मुलाच्या आईला एका सोमवारी तुमच्यावर किती ताण आहे असे विचारले, तर त्या उत्तरात ती आई किती आणि तो सोमवार किती, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी काही जणींना तरी पुन्हा पुन्हा भेटावे लागते आणि किती जणींना, किती वेळा, हे आधी ठरवावे लागते.

अन्न व कृषी संघटनेने १९८५ च्या पाचव्या जागतिक अन्न पाहणीत एकाऐवजी दोन सीमा धरल्या. विकसनशील देशांतील उपाशी माणसे एका सीमेप्रमाणे सुमारे ३३.५ कोटी, तर दुसरीप्रमाणे सुमारे ४९.४ कोटी भरली. सीमा थोडी सरकवताच जवळपास सोळा कोटी माणसे इकडची तिकडे होतात! अपंगत्वाच्या मोजणीत आपण हेच पाहतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने जगातील प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले. भारतीय माणूस जगाच्या सातपट धडधाकट आहे, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न वेगळे विचारले गेले, रेषा वेगळ्या जागी आखली गेली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यामुळे १९९५ च्या कायद्याच्या व्याख्येवर बेतलेला अभ्यास नव्या व्याख्येवरील अभ्यासाशी सरळ जोडता येत नाही. रेषेच्या अलीकडे प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन, शाळेतील सवलत असते. पलीकडे यांतले काही नसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली जो अभ्यास केला, त्याने सुखात्मे-दांडेकर वादाला अनपेक्षित उत्तर दिले. स्त्रियांची नोंदणी त्यांना दिवस राहण्यापूर्वीच करायची, हे तिथे सुरुवातीलाच ठरले होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या साथरोगतज्ज्ञांशी सहकार्य होते. त्या गावांतील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. बाळे हडकुळी होती, पण स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी जास्त होती आणि मोठेपणी मधुमेह जडण्याचा धोका अशा शरीरांना अधिक असतो. लहानखुरे शरीर तग धरते हे खरे ठरले आणि त्याची किंमत पुढे चुकवावी लागते हेही खरे ठरले. हे दिसू शकले, कारण आईपासून सुरुवात करून मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याची आखणी पहिल्या दिवशीच झाली होती.

सुखात्मे यांच्या उत्तरायुष्यातील लिखाणात एक मुद्दा वारंवार येतो. पोटात जंत आणि हगवण असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून जादा खाऊ वाटण्याइतकेच स्वच्छ पाण्याकडे आणि शौचालयांकडे लक्ष द्या, असे ते सांगत राहिले. आहाराविषयीच्या या नव्या विचारांवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ विज्ञानवर्धिनीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. वयाच्या सत्तरीनंतरही टीकाकारांच्या निबंधांना ते मुद्देसूद उत्तरे देत असत.

दांडेकर १९९५ मध्ये गेले. २८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे यांचेही निधन झाले. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. जगातील भूक २०३० पर्यंत संपवण्याचे जे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे, त्याची प्रगती मोजण्यासाठी अन्न व कृषी संघटना ज्या निर्देशांकावर विसंबते, त्याचा सांगाडा १९६१ च्या त्या निबंधातला आहे. खालची कड नेमकी कुठे आखायची, यावरचा वाद त्या निर्देशांकाबरोबर आजही चालू आहे.